कॅबिनेट छोटं घ्यायचंय? मग आधी मोजपट्टी काढा

या अंकासाठी आलेले बरेचसे प्रश्न एकाच विषयावरचे आहेत, छोट्या कॅबिनेटमधला डेस्कटॉप. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ, आज फक्त हेच. प्रश्न थोडे आटोपशीर केलेत, नावं छापलेली नाहीत.

प्रश्न: ताई, माझं टेबल लहान आहे म्हणून छोटा पीसी असेंबल करायचं ठरवलंय. काम व्हिडिओ एडिटिंगचं, सुट्टीच्या दिवशी गेमिंग. लिस्ट अशी आहे: रायझन ७ ९७००एक्स, छोट्या मापाचा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम, आरटीएक्स ५०७० ग्राफिक्स कार्डचं तीन पंख्यांचं जाडजूड मॉडेल, १५८ मिमी उंचीचा टॉवर कूलर, जुन्या पीसीतला ८५० वॉटचा एटीएक्स एसएमपीएस आणि कूलर मास्टरचं एनआर२०० कॅबिनेट. सगळं चालेल ना? उद्या-परवा ऑर्डर टाकतोय.

उत्तर: ऑर्डर टाकू नका, दोन दिवस थांबा. एकेक पार्ट सुटा बघितला तर लिस्ट चांगली आहे, पण या कॅबिनेटमध्ये त्यातले दोन पार्ट बसणारच नाहीत आणि तिसऱ्याबद्दल मला शंका आहे.

पहिला एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. एनआर२०० मध्ये एसएफएक्स किंवा एसएफएक्स-एल मापाचाच लागतो. तुमचा एटीएक्स म्हणजे १५० मिमी रुंद, ८६ मिमी उंच आणि खोलीला साधारण १४० मिमी किंवा जास्त. एसएफएक्स असतो १२५ रुंद, ६३.५ उंच, १०० खोल. एसएफएक्स-एल तेवढाच रुंद-उंच, फक्त खोली १३० मिमी. जुना एसएमपीएस वापरून पैसे वाचवायचे असतील तर मग कॅबिनेटच दुसरं बघावं लागेल, त्याबद्दल खाली आणखी एका प्रश्नात लिहिलंय.

दुसरा कूलर. या कॅबिनेटची मर्यादा १५५ मिमी आणि तुमचा १५८. तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, मलाही वाटलं होतं, माझ्या पहिल्या छोट्या बिल्डमध्ये मी अगदी असाच जरासा उंच कूलर घेतला आणि पॅनेल दाबून बसेल या आशेवर सगळं जोडून टाकलं, शेवटी पॅनेल लागलंच नाही आणि बोर्डसकट सगळं परत बाहेर काढावं लागलं कारण कूलरचे स्क्रू बोर्ड आत असताना हाताला येत नव्हते. मोठ्या कॅबिनेटमध्ये अशी चूक खपून जाते, छोट्यात नाही. ९७००एक्स तसा शांत प्रोसेसर आहे, टीडीपी (साधारण किती उष्णता काढावी लागेल त्याचा आकडा) ६५ वॉट आणि मूळ सेटिंगला सॉकेटमधून जास्तीत जास्त ८८ वॉट घेतो, त्याला एवढा मोठा टॉवर लागतच नाही. थर्मलराइटचा फँटम स्पिरिट १२० एसई १५४ मिमीचा आहे, तो बसतो, किंवा नोक्टुआचा एनएच-यू९एस घ्या, १२५ मिमी, म्हणजे वर हात घालायला जागा राहील. मी असते तर दुसरा घेतला असता, केबल्स वळवायला जागा मिळते.

आता शंका ज्याची आहे ते ग्राफिक्स कार्ड. लोक फक्त लांबी बघतात. एनआर२०० मध्ये ३३० मिमी लांबीचं कार्ड बसतं, तुमचं तेवढं लांब नसेलही. पण कार्डाला तीन मापं असतात. दुसरं माप जाडी, ती स्लॉटमध्ये (कॅबिनेटच्या मागे कार्डासाठी असलेल्या खाचांमध्ये) सांगतात आणि दोन स्लॉटमधलं अंतर २०.३२ मिमी असतं, म्हणजे ‘अडीच स्लॉट’ वाचलं की साधारण ५० मिमी धरायचं. या कॅबिनेटमध्ये कार्डाचे पंखे खालच्या जाळीकडे तोंड करून असतात, कार्ड जेवढं जाड तेवढी खालची हवेची जागा कमी. तीन स्लॉटचं कार्ड लावलं की खाली २५ मिमीचे नेहमीचे पंखे बसवणं अवघड होतं, मग १५ मिमीचे स्लिम पंखे शोधत बसावं लागतं.

तिसरं माप म्हणजे कार्डाची उंची, स्लॉटपासून बाजूच्या पॅनेलच्या दिशेने कार्ड किती बाहेर येतं ते. पॉवरची केबल तिथेच लागते. ५०७० च्या बहुतेक मॉडेलना १६ पिनांचा नवा कनेक्टर असतो आणि त्या केबलला प्लगपासून निदान ३५ मिमी सरळ ठेवून मगच वळवावी असं सांगतात. पॅनेलने ती केबल दाबली गेली, प्लग जरा तिरका झाला, की पिनांवर ताण येतो आणि तिथे गरम होतं. हे मी घाबरवायला लिहीत नाहीये पण या एका गोष्टीत कुणी घाई केलेली मला बघवत नाही. कार्ड निवडताना उंचीत ३५ मिळवा आणि ती बेरीज कॅबिनेटच्या मापात बसते का बघा. दोन पंख्यांचं, दोन स्लॉटचं ५०७० मिळतं, एनव्हिडियाचं स्वतःचं फाउंडर्स एडिशन २४२ मिमी लांब आणि दोनच स्लॉटचं आहे. तीन पंख्यांच्या मॉडेलपेक्षा स्पीडमध्ये फार फरक पडत नाही, आवाजात थोडा पडेल.

पॉवरचा हिशोब तसा सोपा आहे. कार्ड २५० वॉट, प्रोसेसर ८८, बाकी सगळं मिळून पन्नास-साठ धरा, चारशेच्या आसपास झालं. एनव्हिडिया या कार्डासाठी ६५० वॉटचा एसएमपीएस सांगते, ७५० चा एसएफएक्स घेतलात तर त्याचा पंखा निवांत फिरेल. ८५० ची गरज नाही.

आणि रॅम. मिनी-आयटीएक्स बोर्डवर दोनच स्लॉट असतात. आज १६-१६ घातलेत आणि वर्षभराने कमी पडले तर दोन्ही काढून नवे घ्यावे लागतील, मधे भर घालायची सोयच नाही. एडिटिंग हे मुख्य काम असेल तर आत्ताच ३२ चे दोन घ्या, डीडीआर५ ६००० स्पीडचे, आणि उंच शोभेच्या पट्ट्या असलेले घेऊ नका, कूलरच्या पंख्याला अडतात. बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन एक्स्पो (रॅमला तिच्या पूर्ण स्पीडवर नेणारी सेटिंग) चालू करायला विसरू नका, नाहीतर रॅम आपल्या मूळ कमी स्पीडवरच चालत राहते आणि कळतसुद्धा नाही.

एक चांगली गोष्ट अशी की कॅमेरा १०-बिट ४:२:२ एच.२६५ मध्ये (रंगांची जास्त माहिती ठेवणारा व्हिडिओचा प्रकार) शूट करत असेल तर ५०-सिरीजची कार्डं ते हार्डवेअरने डीकोड करतात, आधीच्या ४०-सिरीजमध्ये ते नव्हतं. त्यामुळे तुमच्या कामाला ५०७० योग्यच आहे, फक्त बारीक अंगाचं निवडा.

तात्पर्य म्हणून नाही, क्रम म्हणून सांगते. मोठ्या पीसीत आपण प्रोसेसर-कार्ड ठरवतो आणि कॅबिनेट शेवटी घेतो. छोट्यात आधी कॅबिनेट पक्कं करायचं, त्याच्या मॅन्युअलमधून कूलरची उंची, कार्डाची तिन्ही मापं आणि एसएमपीएसचा प्रकार कागदावर लिहून घ्यायचा, आणि त्या कागदात जे बसेल तेच शोधायचं.

प्रश्न: मिनी-आयटीएक्स बोर्ड महाग पडतो. मायक्रो-एटीएक्स घेतला तर पीसी खूप मोठा होतो का?

उत्तर: नाही होत, आणि हा प्रश्न जास्त लोकांनी विचारायला हवा. मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० बाय १७० मिमी असतो, व्हिया कंपनीने २००१ मध्ये आणलेलं हे माप. मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ बाय २४४. तेवढ्या जागेत चार रॅम स्लॉट, जास्त एम.२ (पट्टीसारख्या एसएसडीचे) स्लॉट, वर आणखी एखादं कार्ड लावायची सोय, आणि त्याच चिपसेटचा बोर्ड बहुतेक वेळा स्वस्त. कारण उघड आहे, सगळं १७० मिमीत कोंबायचं तर बोर्डाचे थर वाढतात, डिझाइन अवघड होतं.

कॅबिनेटचा आकार लिटरमध्ये मोजतात, तिन्ही बाजू सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागलं की लिटर आले. एनआर२०० सव्वाअठरा लिटरचं आहे. लियान ली आणि डॅन या दोन कंपन्यांनी मिळून केलेलं ए३ हे मायक्रो-एटीएक्स कॅबिनेट २६.३ लिटर, आणि त्यात साधा एटीएक्स एसएमपीएस बसतो. म्हणजे आठ लिटर जास्त दिलेत की बोर्ड स्वस्तातला, एसएमपीएस घरातलाच, कूलर पूर्ण उंचीचा. आठ लिटर म्हणजे टेबलावर फार तर वीतभर फरक, तोही एकाच दिशेने. पीसी टेबलावरून हलणार नसेल तर मी दहापैकी आठ जणांना हेच घ्या म्हणेन. वरच्या प्रश्नातल्या वाचकांनीही विचार करावा, त्यांचा ८५० वॉटवाला वाया जाणार नाही.

प्रश्न: मी कामासाठी सारखी फिरते, पीसी सॅकमध्ये घालून न्यायचाय. सात लिटरचं कॅबिनेट घेतलं, रायझर केबलने कार्ड जोडलं, पण कधी चालू होतो कधी काळी स्क्रीन, कधी गेम मधेच बंद. कार्ड आरटीएक्स ५०६० टीआय, ८ जीबी. कार्ड खराब आलंय का?

उत्तर: कार्डावर आत्ताच ठपका ठेवू नका. या कॅबिनेटमध्ये बोर्ड आणि कार्ड पाठीला पाठ लावून बसवतात आणि मधे एक पट्टीसारखी केबल असते, ती रायझर. डॅन ए४-एसएफएक्स या कॅबिनेटने ही सँडविच मांडणी ७.२ लिटरमध्ये करून दाखवली आणि पुढे अनेकांनी ती उचलली. केबल कुठल्या पीसीआय एक्सप्रेस (बोर्ड आणि कार्ड ज्यावरून बोलतात ती जोडणी) पिढीची आहे ते बघा. जुनी केबल तिसऱ्या पिढीची असते, तुमचं कार्ड पाचव्या पिढीचं, बोर्ड आणि कार्ड आपसात वरचा वेग ठरवतात आणि बिचाऱ्या केबलला तो झेपत नाही, मग काळी स्क्रीन, मधेच बंद पडणं, अगदी तुम्ही लिहिलंय तसंच. बायोसमध्ये जाऊन कार्डाच्या स्लॉटचा वेग ‘ऑटो’वरून जेन ३, म्हणजे तिसरी पिढी, करा. रायझरमुळे स्क्रीनच येत नसेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असल्यास मॉनिटर बोर्डच्या पोर्टला लावून आत शिरा, नाहीतर कार्ड थोडा वेळ थेट स्लॉटमध्ये लावून सेटिंग बदला.

त्याने स्थिर झालं तर दोष केबलचा. पण तिथेच थांबू नका, कारण ५०६० टीआय सोळा नाही तर आठच लेन (डेटा जायच्या वाटा) वापरतं, जेन ३ वर आठ लेन म्हणजे रस्ता बराच अरुंद होतो आणि ८ जीबी मेमरी भरली की गेम अडखळतो. सोळा लेनच्या कार्डाला जेन ३ चा एवढा फटका बसत नाही. तुम्हाला चौथ्या पिढीची चांगली रायझर घेऊन जेन ४ वर चालवणं फायद्याचं. केबलची घडी घट्ट मोडू नका, वळण गोल ठेवा, आणि सॅकमधून काढल्यावर एकदा दोन्ही टोकं नीट बसलीत का हाताने बघत जा.

खरंच फिरवायचं असेल तेव्हाच दहा लिटरच्या खाली जावं असं माझं मत आहे, आणि तुमचं कारण खरं आहे. कूलरसाठी तिथे ४८ मिमीच्या आसपास उंची मिळते, त्यामुळे ६५ वॉटच्या प्रोसेसरवरच राहा.

प्रश्न: रायझन ५ ७६००एक्स आहे, छोटं कॅबिनेट, ४७ मिमीचा कूलर. रेंडर लावलं की ९५ डिग्री. पंखा किंचाळतो. प्रोसेसर जळेल का?

उत्तर: जळणार नाही. ७६००एक्स ९५ डिग्रीपर्यंत जाईल अशाच हिशोबाने बनवलाय, तिथे पोचला की तो आपणहून वेग कमी करतो. पण सारखं ९५ वर आणि वर पंख्याची किंकाळी, असं कुणी राहू नये.

याचा टीडीपी १०५ वॉट आणि प्रत्यक्षात १४२ पर्यंत घेतो, ४७ मिमीचा कूलर तेवढी उष्णता काढूच शकत नाही. बायोसमध्ये इको मोड शोधा आणि ६५ वॉट निवडा, मग मर्यादा ८८ वर येते. वेगात थोडीशी घट होते, रोजच्या कामात ती जाणवतसुद्धा नाही, आणि तापमान-आवाज दोन्ही एकदम खाली येतात. छोट्या कॅबिनेटसाठी याच्याइतकी फुकटची चांगली गोष्ट दुसरी नाही. पुढच्या वेळी साधा ७६०० घ्या, तो मुळातच ६५ वॉटचा.

त्याआधी दोन गोष्टी तपासा. कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची फिल्म काढली होती ना? आणि पंख्यासमोर जाळी आहे की काच? चपटा कूलर बाजूच्या पॅनेलमधून हवा ओढतो, समोर काच असली तर तो आतलीच तापलेली हवा परत परत फिरवतो. काच असेल तर एकदा पॅनेल काढून तेच रेंडर लावून बघा, तापमान बरंच उतरलं तर दोष काचेचा, जाळीचं पॅनेल मागवा. पंख्याची सेटिंग पण बदला, तापमान क्षणभर उडी मारतं आणि पंखा लगेच मागे धावतो, त्याला काही सेकंद उशिरा प्रतिसाद द्यायला सांगता येतं, कानाला मोठा आराम पडतो.

प्रश्न: नव्या एसएफएक्स एसएमपीएसच्या केबल्स आखूड आहेत. जुन्या, वेगळ्या कंपनीच्या मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल्स प्लगला बरोबर बसतात. वापरू का?

उत्तर: नाही. कृपया नाही. बोर्डच्या आणि कार्डाच्या बाजूचं टोक सगळ्यांचं सारखं असतं पण एसएमपीएसच्या बाजूचं टोक कुठल्याही ठरलेल्या नियमात नाही, प्लग बसतो आणि आत तारांची जागा वेगळी असते. पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट गेले की एसएसडी, हार्ड डिस्क, बोर्ड, जे पुढे असेल ते गेलं, आणि त्यातला डेटाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येसुद्धा फरक असू शकतो. त्याच मॉडेलसाठी कंपनीने सांगितलेल्या लांब केबल्स घ्या. जुन्या केबल्स जुन्या एसएमपीएसबरोबर पिशवीत बांधून ठेवा, म्हणजे मिसळणार नाहीत.

प्रश्न: आई-बाबांसाठी पीसी करायचाय. ग्राफिक्स कार्ड नको, व्हिडिओ कॉल, ब्राउझर, फोटो. दिसायला छोटा आणि आवाज नको.

उत्तर: रायझन ५ ८६००जी घ्या किंवा इंटेलचा कोअर आय५, फक्त नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला घेऊ नका, त्यात ग्राफिक्स नसतं आणि स्क्रीनच येणार नाही. रॅमची एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा दोन लहान घ्या, आतलं ग्राफिक्स याच रॅमवर चालतं आणि दोन पट्ट्यांनी रस्ता दुप्पट होतो. एएमडीबरोबर येणारा रेथ स्टेल्थ कूलर ५४ मिमीचा आहे, कॅबिनेटमध्ये बसतो का बघा, आणि पंख्याचा वेग बायोसमधून कमी करून द्या. कार्ड कधीच लावायचं नसेल तर मात्र तयार मिनी-पीसीही बघा, असेंबल करण्याचा हट्ट इथे गरजेचा नाही. हातात जुना पीसी देणार असाल तर त्यावर विंडोज ११ चालतं का ते आधी पाहा, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

प्रश्न: सगळे पार्ट आलेत, उद्या पहिल्यांदाच जोडणार आहे. कॅबिनेट अकरा लिटर, एएमडीच्या एएम५ सॉकेटचा बोर्ड. कुठून सुरुवात करू?

उत्तर: कॅबिनेटपासून करू नका. बोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवा, प्रोसेसर, रॅम, कूलर लावा. एम.२ चा दुसरा स्लॉट बऱ्याच मिनी-आयटीएक्स बोर्डांना पाठीमागे असतो, तिथे एसएसडी लावायची असेल तर आत्ताच लावा, नंतर सगळं उचकटावं लागेल. मग एसएमपीएस जोडून बाहेरच चालू करून बघा. चालू झालं, बायोसमध्ये एसएसडी आणि रॅम दिसली, की मगच आत घाला.

आत घालताना बोर्डच्या वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची आठ पिनांची केबल आधी ओढून ठेवा, कूलर आणि एसएमपीएस बसल्यावर तिथे बोट जात नाही. समोरच्या बटणांच्या बारीक वायरींचंही तसंच. कार्ड सगळ्यात शेवटी.

प्रोसेसर बोर्डपेक्षा नवा असेल तर जुनं बायोस त्याला ओळखणार नाही, बोर्डच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर पेन ड्राइव्हवरून अपडेट करता येतं. आणि एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा, डीडीआर५ वर पहिल्यांदा चालू केल्यावर बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, तेव्हा पंखे फिरतात, दिवा लागतो आणि स्क्रीन कित्येक मिनिटं काळीच राहते. काहीतरी बिघडलं असं वाटून तुम्ही बटण दाबून बंद कराल आणि ते सगळं परत पहिल्यापासून सुरू होईल. हात मागे घ्या आणि दहा-पंधरा मिनिटं त्याला तसंच राहू द्या.